लूप दोनपासून कसा सुरू झाला?

मंडळी, आज तलासरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी एक ते वीस मोजणारा लूप लिहायला दिला. वर्गातल्या मंगलताईंचा प्रोग्राम दोन मिनिटांत तयार! मला लगेच संशय आला. मोबाइलवरून उतरवला असणार, तोही चुकीचा. लूप दोनपासून सुरू, आणि त्याच्या आधी एक वेगळीच ओळ: ‘लाभ’.

"ताई, हे कुठून ढापलंत?"

"ढापलं नाही, सर. खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला आम्ही एक नाही म्हणत, लाभ म्हणतो. मग दोन, तीन... मोजायला सांगितलंत, तसंच मोजलं."

मी फळा पुसायला घेतला. कारण फळ्यावरचं माझं उदाहरण मीच सकाळी मोबाइलवरून उतरवलं होतं.

आता सांगा, वर्गात कॉपी कोणी केली?