धीर सोडणे म्हणजे

सत्तर सालच्या उन्हाळ्यात माझी मुलगी विषमज्वराने अंधेरीच्या एका इस्पितळात होती. तिच्याजवळ मला बसवेना, म्हणून मी व्हरांड्यात येरझारा घालायचो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे म्हातारे यजमान सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, ग्रीक शिकवत. बाईंची स्मृती गेली होती, त्या त्यांनाही ओळखत नव्हत्या, तरी ते रोज त्यांची वेणी घालायचे.

मी त्यांना म्हणालो, "माझा धीर सुटलाय हो."

"ग्रीक बायबलात त्याला 'एन्काकेओ' म्हणतात. त्यात 'काकोस' आहे, म्हणजे वाईट. घाबरणं म्हणजे धीर सोडणं नव्हे. घाबरून हातातलं काम वाईट होऊ देणं, ते धीर सोडणं."

"तुम्ही घाबरत नाही?"

"घाबरतो ना! घाबरलो की वेणी चुकते. मग सोडून पुन्हा घालतो."

मी आत गेलो. मुलीच्या कपाळावरची पट्टी वाळून कडक झाली होती. ती भिजवून ठेवली, तशी तिने डोळे उघडले.

"बाबा, कुठे होतास रे?"