पुलाखालचा रानपुदिना

दुपारची वेळ आहे. हिमाचलातल्या एका छोट्या विश्रामगृहात खाटेवर मी आडवी झाले आहे. डोळे मिटतात तसा बाहेरच्या ओढ्याचा आवाज जवळ येत जातो, आणि मी पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात उभी असते. ओट्याशी हेमताई पुदिना निवडते आहे. ताईला जाऊन वर्ष होत आलं, हे मला झोपेतही ठाऊक आहे.

"चहा टाकू?" मी विचारते. दुसरं काही सुचतच नाही.

"टाक. आलं कमी घाल." ती मान वर करत नाही. "सापडला का गं?"

या खोऱ्यातल्या रानपुदिन्यावर आम्ही दोघी बहिणींनी मिळून काम केलं. तो कुठे उगवतो, कुठे नाही, आणि का. यंदा मी एकटीच आले आहे.

"नाही, ताई. दरड कोसळली. पुलाच्या वरच्या अंगाची आपली जागा गाडली गेली. पार वर कुरणापर्यंत शोधलं. उद्या परत निघते. इथला रानपुदिना संपला, असं लिहून टाकते."

"संपला?" ताई हसते. नळ वाहतोच आहे. पाणी फरशीवर येतं, फरशीचे गोटे होतात, आणि आम्ही दोघी ओढ्यात घोटाभर पाण्यात उभ्या आहोत. तिच्या पायांवर आता आजारपणातली सूज नाही.

"वर काय शोधतेस? याचं बी फारसं रुजलेलं कधी पाहिलंस? पुरात कांडी तुटते, वाहत जाते, पाणी मंदावेल तिथे अडकते. मग पेराला मुळं फुटतात."

"पण पुलाच्या खाली तो कधीच नव्हता."

"दरड तरी कुठे होती?"

मी तिचा हात धरते. गार आहे, पण हात तिचाच. "थांब ना गं थोडी."

"कुंदे, मी थांबून काय करू? तू खाली जाऊन ये. ऊन आहे तोवर."

ती पदर खोचते आणि पाण्यातून चालू लागते. मागे वळून बघत नाही. मला रडू येत नाही, याचंच नवल वाटतं.

जाग येते. खिडकीत ऊन तसंच आहे. पायांत लोकरीचे मोजे, कोरडे. पण आत काहीतरी टोचतं. मोजे ओढून काढते, तर बोटांच्या बेचक्यांत बारीक, चमचमती रेती. ओली. वर दरडीपाशी सगळा काळा चुरा आहे, अशी रेती तिथे कुठेच नाही.

मी ती झटकत नाही. तशीच बुटांत पाय घालते आणि पुलाकडे उतरू लागते.