‘ह’चं पान

आशाताईचं काम मिळालं तेव्हा ज्योत्सना दहावी पास होती, आणि ढिवरटोल्यात, मासेमारांच्या त्या वस्तीत, तेवढ्यावरच तिचा दरारा होता. पवनीला प्रशिक्षणाला गेली, तर तिथं पाच दिवस नुसती रोगांची नावं. दुसऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत डबे उघडत, ही वही उघडून बसे. लक्षात राहावं म्हणून तिनं आपली एक युक्ती काढली. शाळेतल्या मुळाक्षरांसारखं एकेका अक्षराला एकेक पान दिलं. ‘क’च्या पानावर कावीळ, कांजण्या, कुष्ठरोग. ‘ग’ला गोवर नि गालगुंड. ‘ड’ला डेंग्यू आणि डांग्या खोकला. ‘ण’ आणि ‘ळ’ या दोन अक्षरांनी तेवढी माणसांवर दया केली होती, त्यांची पानं कोरी राहिली. आणि अगदी शेवटाकडे ‘ह’. हगवण, हिवताप, हत्तीपाय.

बाकीची पानं होती तशीच राहिली, ‘ह’चं मात्र भरत गेलं. हत्तीपायाच्या खाली टोल्यातल्या रोग्यांची नावं ती वयासकट लिहून ठेवी. बारा वर्षांत अकरा नावं झाली. त्यातलं पहिलं नाव तिच्याच सासऱ्याचं होतं.

सासरा फकिरा एके काळचा नामी जाळेवाला. गावच्या जुन्या मालगुजारी तलावात छातीभर पाण्यात उभा राहून जाळं फेकायचा तेव्हा काठावरची माणसं बघत बसत, म्हणतात. ऐन तिशीत त्याचा डावा पाय सुजला, आणि मग उतरायचं नावच घेईना. आता तो पाय ओसरीतल्या लाकडी खांबाएवढा. फकिरा दिवसभर त्या खांबाला टेकून जाळी विणतो आणि पायाला शिव्या देतो. त्याची बायको रेवताबाई. तरुणपणी तिनं नवऱ्याला घेऊन कुठले कुठले वैद्य पालथे घातले. कोणी पाला बांधला, कोणी डाग दिला. एकानं तर पौर्णिमेला बेडकाचं तेल सांगितलं आणि रेवताबाईनं तेही आणलं. खरं औषध मात्र कुठंच मिळालं नाही. त्या वणवणीचा चटका तिच्या जिवाला असा बसला, की तो पुढं साऱ्या घराला भोवला.

टोल्यात सगळ्यांची समजूत एकच. ढिवराचा पाय पाण्यानं येतो. ज्योत्सनानं बारा वर्षं घसा कोरडा केला, की तलावाचा काही दोष नाही, रोग डासातून येतो, नाल्या साफ ठेवा, मच्छरदाणीत झोपा. लोक माना डोलवत आणि तलावाकडं बोट दाखवत. रेवताबाईनं तर नात तृप्ती जन्मली त्या दिवशीच शपथ घेतली होती, की या पोट्टीचा पाय तलावात पडू द्यायचा नाही. ढिवराची पोर आणि पाण्यात उतरायची बंदी! बरोबरीच्या पोरी शिंगाडे काढायला पाण्यात धावत, तेव्हा तृप्ती तलावाच्या बांधावर, पाळीवर उभी राहून त्यांच्या चपला सांभाळायची. पाण्यात जाता येईना म्हणून ती पाळीवरच धावू लागली. धावता धावता एकोणीस वर्षांची झाली, आणि पोलीस भरतीचं मनावर घेतलं. मग काय विचारता. बाप खेमराज पहाटे जाळं टाकायला निघे तेव्हा लेकीच्या तीन फेऱ्या झालेल्या असत. आठशे मीटरला तिच्या पुढं जाणारी पोरगी साऱ्या तालुक्यात नाही, असं तिचा मास्तर म्हणायचा. ज्योत्सनानं ते वाक्य टोल्यातल्या प्रत्येक घरी निदान दोनदा सांगितलं होतं.

आठ वर्षांपासून हत्तीपायाच्या गोळ्या वर्षातून एकदा येतात. निरोगी माणसानं खायच्या, म्हणजे रक्तात किडा असेल तर तो मरतो, दुसऱ्याकडं जात नाही. आता, धडधाकट माणसानं औषध कशाला खायचं, हे टोल्याला पटणं म्हणजे रेड्याकडून दूध काढणं. पण ज्योत्सनाही वस्ताद होती. ‘जेवून खातो’ म्हणणाऱ्याच्या घरी ती त्याचं जेवण होईस्तोवर बसे. गोळी जिभेखाली दडवणाऱ्याला तोंड उघडायला लावी. घशाची घाटी हलली की बोटावर शाईची खूण, आणि रजिस्टरात शेरा : ‘समक्ष’. तिच्या गावाचं काम चोख, असं आरोग्यसेवक धनंजय सर मीटिंगमध्ये चारचौघींत सांगायचे.

आपलं घर ती शेवटी घेई. ऐंशी घरं फिरून पायाचे तुकडे पडलेले, घसा बसलेला. आणि या घराची एक रीत होती. ताटात पडायची ती वस्तू सासूच्या हातूनच पडायची. भाकर असो, प्रसाद असो की औषध. सुनेनं सासऱ्याच्या हातावर गोळी ठेवायची नाही, सुनेनं परस्पर पोरीला काही चारायचं नाही. रेवताबाई चुलीशी बसलेली असे. ती पदर पसरून म्हणे, “दे इकडं. जेवन झालं का देतो साऱ्याले.”

ज्योत्सना गोळ्या मोजून पदरात टाकी. मग सगळ्यांच्या बोटांना शाई लावी, रजिस्टर उघडी, आणि पाच नावांपुढं लिही : समक्ष. समक्ष. समक्ष. तिचा लबाडीचा हेतू नव्हता हो. सासूचा हात म्हणजे आपलाच हात, एवढंच तिच्या मनात होतं. स्वतःची तेवढी ती खाई. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! असं आठ वर्षं चाललं.

या फाल्गुनात तृप्तीला दोन दिवस हुडहुडी भरून ताप आला. जांघेत गाठ आली, दुखली, बसली. मग डावा घोटा भरल्यासारखा दिसू लागला. “बूट लागला असन,” ज्योत्सना म्हणाली. खेमराजनं पवनीहून नवे बूट आणले. घोटा सकाळी उतरे, संध्याकाळी पुन्हा भरे. “मुरगळला असन,” ज्योत्सना म्हणाली. दुसऱ्या कोणाच्या पोरीचा पाय असता तर हिनं ओसरीवरूनच सांगितलं असतं. अकरा पाय पाहिलेली बाई! पण आपल्या पोरीच्या पायाकडं ती महिनाभर नीट बघेचना. रोज तेल चोळून द्यायची, तेही नजर दुसरीकडं ठेवून.

एका संध्याकाळी तेल चोळता चोळता तिचा अंगठा नडगीवर दाबला गेला. अंगठा उचलला, तर खाली खळगा तसाच. ज्योत्सना त्या खळग्याकडं बघत राहिली. तो भरून यायला फार वेळ लागला.

“आई, काय झालं?”

“काई नाई,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं धनंजय सरांना फोन लावला.

सर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला आणि घड्याळ लावून बसले. ज्योत्सनाच्या पिशवीतही एक पट्टी असते, बायकांना दिवस गेलेत का ते बघायची. तिच्यावर दोन रेघा उमटल्या की ज्योत्सना पेढे मागायची. या पट्टीवरही दोन रेघा उमटल्या. सरांनी ती उजेडात धरून पुन्हा पाहिली आणि खिशात ठेवली.

“असं कसं?” ते म्हणाले. त्यांनी रजिस्टर मागितलं आणि पानं मागं मागं चाळली. “दरवर्षी खाल्ल्या ना हिनं? तुमच्याच हातचं लिहिलं आहे, ज्योत्सनाताई. आठही वर्षं समक्ष.”

ज्योत्सनानं सासूकडं पाहिलं. रेवताबाईचा चेहरा भीतीचा नव्हता, पकडल्याचाही नव्हता. उलट ती लगबगीनं उठली, धानाच्या ढोलीमागं हात घालून पत्र्याचा एक डबा काढला आणि सरांसमोर आणून ठेवला. हीच घडी येणार म्हणून आपण तयार होतो, अशा तोऱ्यात तिनं झाकण उघडलं. आत लुगड्याच्या चिंध्यांच्या आठ पुरचुंड्या. एका वर्षाची एक.

“घ्या साहेब. एक बी फेकली नाई मीनं,” ती म्हणाली. “उंदराले बी लागू देली नाई. ह्याचा पाय आला तवा औषधासाठी मी वनवन फिरलो, कोठी भेटलं नाई. म्हून सरकारनं देल्ली ते सारी ठेवून देल्ली. चांगल्या मानसानं खाऊन कायले नासाव? उद्या पोट्टीले झालं तं? आता द्या तिले. सारी द्या.”

खांबाशी टेकलेला फकिरा जाळ्याची गाठ मारता मारता थांबला. धनंजय सरांनी एक पुरचुंडी सोडली. गोळ्यांचा पिवळा भुगा झाला होता. त्यांनी ती पुन्हा बांधली, सावकाश. वरातीमागून घोडं म्हणावं, तर घोडं आठ वर्षं दारातच बांधलेलं होतं.

ज्योत्सनाला वाटलं, ओरडावं. हा डबा उचलून तलावात फेकावा, सासूला धरून गदागदा हलवावं. पण ओरडणार कोणत्या तोंडानं? डबा सासूचा, शेरा तिचा. अख्ख्या टोल्याची तोंडं उघडून पाहणाऱ्या बाईनं स्वतःच्या चुलीपुढं चार तोंडं उघडून पाहिली नाहीत. तिनं डबा घेतला. म्हणाली, “बरं झालं आत्याबाई, ठेवल्या तुमी.” आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

निघताना सर फाटकापाशी थांबले. बारा दिवसांच्या नव्या गोळ्या त्यांनी पिशवीतून काढून दिल्या.

“सर, ह्यानं पाय उतरन ना?”

“किडा मरेल. पाय…” त्यांनी चष्मा पुसला. “वाढू न देणं आपल्या हातात आहे. रोज धुवायचा, पुसायचा, उंच ठेवायचा. तुम्हाला काय सांगू, तुम्हीच सगळ्यांना शिकवता.”

“अन् भरती?”

सरांनी पाळीकडं पाहिलं. तृप्तीच्या धावण्यानं तिथल्या गवतात वाट पडली होती.

“मेडिकल असते, ताई,” ते म्हणाले.

“दरवर्षी खाल्ल्या असत्या तं झालं नसतं ना?”

“ते कोणी सांगू शकत नाही.”

“रजिस्टरात खोटं म्हून लिवा, सर. लाल शाईनं लिवा.”

“लिहीन,” सर म्हणाले. “लिहून तिचा पाय उतरत असता तर आत्ताच लिहिलं असतं.”

त्या संध्याकाळी ज्योत्सनानं चुलीपुढची रीत मोडली. स्वतःच्या हातानं तृप्तीच्या हातावर गोळ्या ठेवल्या आणि तिच्या घशाकडं बघत उभी राहिली. तृप्ती पाणी प्यायली आणि न सांगता तिनं तोंड उघडून दाखवलं. रेवताबाईला वाटलं, आपल्याच डब्यातल्या गोळ्या. तिला तसंच वाटू दिलं. ती रोज विचारी, “आज उतरला का वं थोडा?” आणि रोज तृप्ती म्हणे, “थोडा उतरला, आजी.”

बारा दिवस संपले. पाय तेवढाच होता.

मग सर सामान घेऊन आले. निळा टब, मग, साबण, टॉवेल आणि मलमाची नळी. रोग्यांना हे मिळतं. फकिराचा टब घरात होताच, दोन्ही ओसरीवर शेजारी शेजारी लागले. ज्योत्सनानं आधी सासऱ्याचा पाय धुतला. फकिरा आज पायाला शिवी देईना. त्यानं नातीच्या टबाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग ज्योत्सना तृप्तीपुढं बसली. वरून खाली पाणी, हलक्या हातानं साबण, बोटांच्या बेचक्या एकेक करून साफ. अकरा घरी तिनं हे शिकवलं होतं, न अडखळता. आज साबण दोनदा हातातून निसटला.

धुऊन झाल्यावर तिनं वही आणली. नव्या रोग्याचं नाव तिच्यात चढवायचं होतं. ‘ह’चं पान उघडलं, अकराव्या नावाखाली पेन टेकवलं आणि तशीच बसून राहिली. बाकी साऱ्यांची नावं लिहिताना तिचा हात कधी थांबला नव्हता. तिनं पेन दोनदा उचललं, दोनदा टेकवलं. तिच्यानं होईना.

तृप्तीनं ओला पाय पाटावर ठेवून वही ओढून घेतली. आईच्या हातातलं पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहू लागली. आधी आपलं नाव, मग बापाचं, मग आडनाव. वय एकोणीस.

रेवताबाई आतून टॉवेल घेऊन आली. तिला अक्षर येत नाही. नातीला मान खाली घालून लिहिताना पाहून ती थबकली.

“काय लिहून राहिली वं पोट्टी?”

तृप्तीनं आईकडं पाहिलं. मग आजीकडं.

“भरतीचा फॉर्म, आजी.”

रेवताबाईचा चेहरा उजळला. ती खाली बसली, नातीचा पाय मांडीवर घेतला आणि टॉवेलानं हळूहळू पुसू लागली.

“बराबर लिव मंग,” ती म्हणाली. “आपलं नाव राहून नाई गेलं पायजे.”