दीड इंचाचा डबा

मागच्या हिवाळ्यात आई पहाटे घरातच पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. आंधळगावच्या घरात ती एकटी राहते. मी नागपुरात नोकरी करतो. आमचा संडास मागच्या अंगणात आहे, आणि अंगणातल्या दिव्याचं बटण मात्र समोरच्या खोलीत. म्हणजे तिनं आपल्या खोलीतून उठायचं, अंधारात समोरच्या खोलीत यायचं, बटण दाबायचं आणि पुन्हा उलटं मागच्या दाराकडे जायचं. समोरच्या खोलीत तेव्हा नव्या धानाची पोती रचलेली होती. त्यातल्या एका पोत्याला तिचा पाय अडला.

ती पुन्हा पडली तर काय, ही धास्ती घेऊन मी नागपूरला परतलो. कुठलीही अडचण आली की एखादी वस्तू विकत घ्यायची, ही माझी जुनी खोड. दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी एक स्मार्ट स्विच मागवला. काळ्या काचेचं चौकोनी पॅनल, हात लावला की दिवा लागणार, मोबाइलवरूनही लागणार. आईसाठी टचचा फोनही घेतला. तिनं अंथरुणातूनच फोनवर बोट ठेवायचं की अंगणात उजेड. ती विसरलीच तर मी नागपुरातून लावणार. ऑफिसातल्या चार जणांना हे सगळं रंगवून सांगूनही झालं होतं.

रविवारी गावी गेलो आणि तिथल्या वायरमनला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, बाबांच्या ओळखीचा. बाबा आता नाहीत. ते तुमसरला राइस मिलमध्ये मेकॅनिक होते. घराची वायरिंग त्यांनी स्वतःच केली होती. बटणांच्या मागे भिंतीत बसतात ते डबे त्यांनी बाजारातून आणले नाहीत, मिलमधल्या उरलेल्या सागवानाचे ठोकले आणि प्लास्टरच्या आधीच भिंतीत बसवून टाकले. वायरमननं जुनी पाटी काढली, तो सागवानी डबा पाहिला आणि आधी थोडा वेळ नुसतं बाबांचं कौतुक केलं. मग माझं पॅनल त्यावर धरलं आणि मान हलवली.

"बसत नाही ना भाऊ. डब्बा रुंद हाय, पण खोल नाही. दीड इंच हाय. तुमच्या या मशीनची पाठ दोन इंच हाय. अन् स्क्रूची भोकं तं कुठची कुठं."

भोकांसाठी लाकडाची पट्टी मारू म्हणाला, ती मारली. पॅनलला न्यूट्रलची वेगळी तार लागत होती, ती पंख्याकडून ओढून आणली. यात दुपार झाली. अर्धा इंच मात्र कुठून आणणार?

"डब्याचा तळ काढा आणि मागची भिंत कोरा," मी म्हणालो.

"भिंत कितीची हाय, ते पाहा लागन."

"नऊ इंची आहे," मी ठणकावून सांगितलं. बाहेरची भिंत नऊ इंची, म्हणून आतलीही असणार, एवढाच माझा अभ्यास. शिवाय त्याचं सावकाश काम पाहून मी कावलो होतो. मला संध्याकाळची बस गाठायची होती. त्यानं तळाची फळी काढली, छिन्नी लावली, चार-पाच ठोके हलक्या हातानं मारले. जरा जोरात मारा की, मी म्हणालो. त्यानं मारला, आणि छिन्नी निम्मीअधिक आत गेली.

पलीकडून आई ओरडली, "अरे थांबा रे! काय करून राहिले?"

मी धावत पलीकडे गेलो. भिंतीच्या त्या बाजूला आईची खोली. ती पलंगावर बसून, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. सुपात पोपडे पडले होते. तिच्या उशीच्या वर हातभर अंतरावर लिंबाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून छिन्नीचं टोक दिसत होतं.

"उभ्या इटेची, तीन इंची भिंत हाय हे," ती म्हणाली. "इटा कमी पडल्या होत्या, तं मधल्या भिंतीले उभ्या लावल्या. मीच तं एकेक इट तुया बाबाच्या हातात देत होती."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?" मी चिडलो की माझी शहरी भाषा गळून पडते.

"तू इचारलं कुठं?"

खरंच होतं. सकाळपासून मी टेप लावून मापं घेत होतो, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहत होतो, वायरमनशी वाद घालत होतो. जिनं ती भिंत उभी करायला विटा दिल्या, ती पलीकडच्याच खोलीत बसली होती, आणि तिला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वायरमन दारात येऊन उभा राहिला होता. आई माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलली.

"भोक पडलंच हाय, तं मले इथं एक बटण लावून दे. उशापाशी."

"देतो ना काकू. टू-वे करतो. इथूनही लागन, तिथूनही लागन."

"अगं, पण फोन..." मी सुरुवात केली. ती तांदळातले पोपडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "घर बांधतानी तुया बाबाले म्हणलं होतं, उशापाशी बटण पाह्यजे. ते म्हणे, पाहू. मंग तुले म्हणलं, यंदा दिवाळीत. तू बी म्हणला, पाहू."

मला ते लख्ख आठवलं. तेव्हा मी नवा टीव्ही भिंतीवर टांगत होतो आणि तिनं माझं स्टूल धरलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन साधी बटणं आणि थोडी तार, अर्ध्या तासात काम झालं. पॅनल मी खोक्यात भरून टाकलं. आईनं डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं, मागच्या दारापर्यंत चालत गेली, भर दुपारी पेटलेला दिवा पाहिला, परत आली आणि बटण बंद केलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "हात मोडाच्या आधी झालं असतं, तं आणखी बरं झालं असतं."

हे ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती, तर मी भांडलो असतो.