अक्काची साखर आणि ह्यांचं क्वांटम

आमच्या ह्यांना, म्हणजे यशवंत आळतेकरांना, धारवाडात पुष्कळ लोक ओळखतात. ज्या गोष्टीसाठी ओळखतात तिची मात्र त्यांना आता लाज वाटते. रस्त्यात कुणी हात जोडून “नमस्कार सर” म्हटलं की हे खाली बघत पुढं जातात. लोकांना वाटतं, विद्वान माणूस, विचारात असेल. मी त्यांची बायको. नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या खिडकीत काढली, तेव्हा विचारात पडलेलं तोंड आणि शरमलेलं तोंड यांतला फरक मला कळतो.

घराणं मूळचं कापड दुकानदारांचं. ह्यांच्या आजोबांनी कोल्हापूरकडून येऊन हुबळीच्या बाजारात दुकान टाकलं. हे लहानपणी गल्ल्यावर बसायचे आणि गिऱ्हाईक रंग पसंत करत असलं की त्याला रंग म्हणजे काय ते समजावून सांगायचे. गिऱ्हाईक पळून जायचं. सासऱ्यांनी ओळखलं, हा पोरगा दुकान बुडवणार, आणि त्यांना शिकायला धारवाडला धाडलं. तिथंच हे पुढं कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

क्वांटम हा ह्यांचा जीव की प्राण. पण वर्गात काय, तर समीकरण मांडा, सोडवा, उत्तराखाली दोन रेघा ओढा. त्या समीकरणाचा अर्थ काय, हे अभ्यासक्रमात नव्हतं, आणि ह्यांना नेमकी तीच खाज. इलेक्ट्रॉन मोजायच्या आधी कुठं असतो? कुठंतरी असतो आणि आपल्याला ठाऊक नसतं, की त्याची जागा तोवर ठरलेलीच नसते? मग मोजल्यावर एकच जागा कशी काय सापडते? शंभर वर्षं मोठमोठे लोक यावर भांडताहेत. एक म्हणतो, ठरलेलं नसतंच. दुसरा म्हणतो, ठरलेलं असतं, एक लाट त्याला वाट दाखवत असते. तिसरा म्हणतो, सगळ्या शक्यता खऱ्या होतात, जगालाच फाटे फुटतात. चौथा म्हणतो, अर्थ विचारू नका, गणित करा. तरुणपणी ह्यांना यावरच संशोधन करायचं होतं. मार्गदर्शकांनी सांगितलं, याच्यावर पोट भरत नाही. ते शल्य मग माझ्या वाट्याला आलं. मी भाकरी थापायची आणि हे शेजारी उभे राहून जगाला फाटे फोडायचे.

निवृत्तीनंतर मराठी मंडळानं व्याख्यानाला बोलावलं. पहिल्या दिवशी हे प्रामाणिकपणे बोलले: अमुक मत, तमुक मत, आणि यातलं खरं कुठलं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. निम्मी माणसं पेंगत होती. चहाच्या वेळी मंडळाचे अध्यक्ष बाळाचार्य जवळ आले. संस्कृतचे जुने मास्तर, माणूस गोड. म्हणाले, “सर, म्हणजे कुणी पाहिल्याशिवाय जग नसतंच, असंच ना? आपल्या पूर्वजांनी हेच सांगितलंय.”

ह्यांनी कपातला चहा ढवळला. मग म्हणाले, “तसंही म्हणता येईल.”

घसरण तिथं सुरू झाली. पुढच्या व्याख्यानात “तसंही म्हणता येईल” गेलं आणि “तसंच आहे” आलं. “पाहिलं की ठरतं,” असं हे हात उंचावून म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. नवनगरच्या मंगल कार्यालयात झालं, अळणावरच्या भजनी मंडळात झालं. शाली इतक्या जमल्या की मी दोन मोलकरणीला दिल्या. मी एकदा विचारलंही, “अहो, तुम्ही मला भाकरीच्या वेळी हे असं नव्हतं सांगितलं.” तर म्हणाले, “लोकांसाठी थोडं सोपं करावं लागतं.” लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि वरून खालचं काही दिसत नव्हतं.

कमलअक्का ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना कडेवर घेऊन शाळेत सोडणारी तीच. आता नवनगरात एकटी राहते, मुलगा अनिकेत पुण्याला असतो. भावाचं व्याख्यान असलं की इरकल नेसून चिगरी बसनं यायची आणि पहिल्या रांगेत बसायची. एक अक्षर कळायचं नाही, पण शेवटपर्यंत मान डोलवायची.

अक्काला साखरेचा आजार जुना, आणि पेढ्याचं वेड त्याहून जुनं. एका रविवारी आमच्याकडं जेवायला आली होती. मी म्हटलं, “अक्का, साखर तपासून किती दिवस झाले?”

“मोजायचं कशाला ग? मोजलं की ठरतं,” अक्का पेढ्याकडं हात नेत म्हणाली. “न मोजता हाय का नाही, कुणाला ठाऊक. यशूनंच सांगितलंय की.”

आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत जास्त हसले ते हे.

इथवरही ठीक होतं. पण पुढच्या व्याख्यानात ह्यांनी ते सभेत सांगितलं. “ही आमची अक्का, समोर बसलीय बघा. क्वांटम माझ्यापेक्षा हिला जास्त कळलंय. साखर मोजतच नाही, मोजली की ठरते म्हणते.” सभागृह खदखदून हसलं. अक्का पदर तोंडाला लावून लाजली. विनोद चालतोय म्हटल्यावर हे तो दरवेळी सांगायला लागले, अक्का नसली तरी सांगायचे. बस स्टॉपवर बायका तिला विचारायच्या, “काय अक्का, ठरली का साखर?”

मग अक्काच्या पायाला चप्पल लागली. साखरेनं पाय बधिर झालेले, त्यामुळं दुखलं नाही, आणि दुखलं नाही म्हणून तिनं बघितलं नाही. मी सहज तिच्याकडं गेले तेव्हा खोलीत वास येत होता. मोजे काढले तर दोन बोटं काळी पडलेली. त्याच दुपारी हुबळीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर भयंकर वाढलीय आणि ती आजची नाही. पायाची दोन बोटं काढावी लागली. पाऊल राहील की तेही जाईल, हे जखम कशी भरते त्यावर.

“शेवटची तपासणी कधी केली होती?” डॉक्टरांनी विचारलं. अक्का भिंतीकडं बघत राहिली. ह्यांचे कान लाल झाले. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा उठून आला आणि आनंदानं म्हणाला, “सर, तुम्हीच ना ते? बहिणीच्या साखरेची गोष्ट सांगणारे?” आणि त्यानं ती गोष्ट डॉक्टरांना सांगितली, अगदी ह्यांच्यासारखा हात उंचावून. डॉक्टर हसले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ह्यांचं काय झालं असेल ते देव जाणे.

त्याच आठवड्यात मंडळात ह्यांचं व्याख्यान ठरलेलं होतं. मी म्हटलं, नाही म्हणून कळवा. हे म्हणाले, “नाही, जायलाच हवं.” उभे राहिले आणि टिपणं न काढता बोलले. “मी तुम्हाला खोटं सांगत आलो. मोजणं म्हणजे माणसानं बघणं नव्हे. हवेचा कण आपटला तरी पुरतो, रिकाम्या खोलीतलं यंत्रसुद्धा आकडा दाखवतं. त्यासाठी बघणाऱ्याचं मन लागतं म्हणणारे फार थोडे आहेत, आणि त्यांच्यातलाही कुणी रक्तातल्या साखरेबद्दल असं बोलणार नाही. ती मोजा न मोजा, असते तेवढी असते. इलेक्ट्रॉनचं खरं काय, ते मला माहीत नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात म्हणून मी माहीत असल्यासारखं बोललो. माझ्या बहिणीची बोटं गेली.”

मग बाळाचार्य उठले. “एवढा मोठा माणूस, पण केवढी ही नम्रता,” म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. आजवरच्या सगळ्या टाळ्यांहून जास्त. वर शाल. हे शाल हातात घेऊन तसेच उभे होते. तिथून आम्ही रिक्षानं हुबळीला, अक्काच्या दवाखान्याकडं निघालो. वाटेत रायापूर आलं तसे हे म्हणाले, “स्वाती, मला फार लाज वाटते ग. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.”

जखम भरत आली. डॉक्टर म्हणाले, पाऊल वाचलं. त्या दिवशी ह्यांनी अक्काच्या खाटेपाशी जाऊन सभेत जे सांगितलं तेच तिला सांगितलं. ते खोटं होतं अक्का, तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि फसलीस, असं म्हणाले.

“साकु रे,” अक्का म्हणाली. पुरे कर म्हणत तिनं हात हलवला. “मला काय ठाऊक नव्हतं व्हय? एवढी खुळी हाय मी? पेढा सोडायचा नव्हता म्हणून त्या दिवशी सुम्मने, उगीच बोलले.”

“मग तपासायला का नाही गेलीस?”

“गेले होते की. लॅबच्या दारापर्यंत गेले. तिथं आमच्या शेजारची शेवंता भेटली. म्हणाली, काय अक्का, भावावरचा विश्वास उडाला काय? मग मागं फिरले.” अक्कानं पायावरची चादर सारखी केली. “तू साऱ्या गावाला माझं नाव घेऊन सांगत होतास. मीच आत जाऊन मोजून घेतलं असतं, तर तुला चारचौघांत तोंडघशी पाडल्यासारखं झालं असतं. कसं करू ते?”

मी खाटेशेजारची खुर्ची पुढं सरकवली. हे बसले नाहीत.