आपले काही म्हणणे नाही

"वास मोजायचा कशानं, ते सांगा मला."

हे मला उद्देशून नव्हतं. जेवणाची सुट्टी होती. मी फायलींच्या कपाटामागे माझ्या टेबलावर डबा खात होते आणि पलीकडे इन्स्पेक्शनच्या बायका गोल करून बसल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "ताई, वासाचं काय घेऊन बसलात? घर मिळतंय ना!"

"भिंत वाकडी असंल तर गुण्या लावून दाखवीन. फरशी उतरती असंल तर पाणी ओतून दाखवीन. वासाला काय लावू?"

मग डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत येऊन बसल्या, पुन्हा उठल्या. कपाटाच्या फटीतून मला फक्त त्यांचा निळा ॲप्रन इकडून तिकडे जाताना दिसत होता. नोकरीला लागल्यापासूनच्या सहा महिन्यांत मी त्यांना असं येरझाऱ्या घालताना पाहिलं नव्हतं.

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना ताई म्हणत. एका नव्या सुपरवायझरने एकदा "मावशी" म्हटलं, तर त्यांनी हातातलं काम थांबवून त्याला समजावलं होतं, "मावशी म्हणू नका साहेब. मावशी म्हटलं की लोक चहा सांगतात."

त्यांचं काम भोकं तपासायचं. आमच्याकडे गाड्यांचे छोटे पार्ट बनतात, आणि प्रत्येक पार्टचं भोक मापात आहे का, हे एका वीतभर स्टीलच्या गेजने बघतात. गेजचं एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. एक 'गो', हिरवं; दुसरं 'नो-गो', लाल. ऐकायला सोपं आहे. पण नवीन मुली घाईघाईत गेज दाबतात. मग जे जायला नको तेही जातं, आणि माल कंपनीतून परत येतो. ताई मागून यायच्या, मुलीच्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ढकलायचं न्हाई. आपल्या वजनानं गेलं पायजे."

नीट मोजणारं माणूस तुम्ही कधी जवळून पाहिलं असेल, तर तुम्हाला माहीत असेल, त्याच्या हाताला घाई नसते. बाकी शरीर कसंही वागो. ताईंची जीभ सतत चालू असायची, मान सगळीकडे फिरायची, पण हात मात्र दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे शांत.

मी तिथे ईमेल आणि रिपोर्ट लिहायला होते. इंग्रजी येतं म्हणून. दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलत असेन, त्यातली निम्मी फोनवर. शाळेत मराठी हा विषय होता, पण तो पास होण्यापुरता. हे मी कोणाला सांगत नसे. कोणी विचारतही नसे.

म्हणून त्या दिवशी जेवणानंतर ताई कपाटाला वळसा घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मी आधी घाबरले आणि मग खूश झाले. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून चौघडी केलेलं पत्र काढलं.

"मॅडम, हे वाचून सांगा. आमचे साहेब चाकणला, शिफ्टला. फोनवर म्हणायलेत, तू ठरव. म्हणजे उद्या बिघडलं की म्हणाय मोकळे, तूच ठरवलंस."

साहेब म्हणजे त्यांचे यजमान.

ताई वीस वर्षं नाल्याकाठच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहत होत्या. ती वस्ती हलवायची होती. बदल्यात पुनर्वसनाच्या इमारतीत घर, सोडतीत निघालेला सातवा मजला. इमारत नवी नव्हती. बांधून बरीच वर्षं नुसती उभी होती, आणि तेवढ्या काळात नळ, खिडक्यांच्या काचा, विजेची बटणं, जे निघण्यासारखं होतं ते कोणीतरी काढून नेलं होतं. लिफ्ट बंद. ताई एकदा वर जाऊन बघून आल्या होत्या, तो वास तिथलाच. घर घेतलं तर खोली सोडायची. नाही घेतलं तर पुढची सोडत कधी, कोणालाच माहीत नाही. आणि घरात सासू, जिच्या गुडघ्यांनी कधीचाच संप केला होता.

पत्र लांबलचक होतं. मला त्यातलं बरंच कळलं, आणि जे कळलं नाही ते शेवटच्या वाक्यात होतं. "याबाबत आपले काही म्हणणे असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल." गृहीत म्हणजे गृहाशी, घराशी संबंधित काहीतरी असणार. आपलं काही म्हणणं नसेल तर पुढची कार्यवाही, म्हणजे घर मिळण्याची. मी आयुष्यभर गप्प बसले होते आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी कायम 'हो' असाच घेतला होता. मला ते वाक्य अगदी ओळखीचं वाटलं. मागे एक कोरा फॉर्म टाचला होता. तो चावी घेताना भरायचा असेल, असं मी धरून चालले. गृहीत धरणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं, पण करत मी तेच होते.

"काही करायचं नाही, ताई," मी म्हणाले. "नको असेल तरच कळवायचं. घर तुमचंच आहे."

"म्हणजे पंधरा दिवस इचार करू शकते?"

"हो."

"शिकलेलं माणूस जवळ असलं की बरं असतंय," असं म्हणून त्यांनी पत्राची घडी घातली. मी असू दे म्हणून फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला.

ते पंधरा दिवस तुम्ही पाहायला हवे होते. सकाळी आल्या की ताई सांगायच्या, "गो. संडास घरात हाय. आणि काय पायजे माणसाला?" दुपारी, "नो-गो. आत्या दारात बसून लसूण सोलतात, येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो. सातव्या मजल्यावर कोण येणार, पारवे?" सासूला त्या आत्या म्हणत. संध्याकाळी कार्ड पंच करताना पुन्हा, "गो." मशीनवरची पोरं लांबून ओरडायची, "ताई, आज हिरवा का लाल?" त्या हात झटकायच्या. एकदा तर मी त्यांना एकच पार्ट तीनदा तपासताना पाहिलं. चौथ्यांदा उचलला, आणि मग स्वतःवरच चिडून खाली ठेवला.

एका रविवारी त्या मला घर बघायला घेऊन गेल्या. मी नाही म्हणू शकले नाही, हे एक कारण. मला जायचं होतं, हे दुसरं.

रिक्षातून आत्यांना उतरवलं, तेव्हा त्यांनी इमारतीकडे मान वर करकरून पाहिलं आणि म्हणाल्या, "पडली तर कुणीकडं पडंल?"

"पडायची न्हाई."

"मी आपलं इचारलं."

ताईंनी पर्समधून दोन खडू काढले, एक पिवळा, एक लाल. वर्कशॉपमध्ये पिवळा म्हणजे दुरुस्ती होण्यासारखं, लाल म्हणजे बाद. लिफ्टपाशी त्या थांबल्या, दाराच्या फटीतून आत वाकून बघितलं आणि दारावर लाल फुली मारली.

"टिळा लावलास व्हय?" आत्या म्हणाल्या. "हात बी जोड मग."

आत्या स्वतः जिना चढायला निघाल्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझं मनगट. तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसल्या, दम घेतला आणि समोरच्या बंद दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे कुणाचं हाय? हेच घेऊ की." त्यापुढे त्या आल्या नाहीत.

वरच्या घरात पाऊल टाकताच मला वास आला. पारव्यांचा, ओलीचा आणि बंद राहिलेल्या जागेचा. ताईंनी तोंडाला पदर लावला आणि कामाला लागल्या. ओल आलेल्या भिंतीभोवती पिवळं वर्तुळ. नळ नसलेल्या पाइपला पिवळा बाण. काच नसलेली खिडकी, पिवळी. मोरीत पारव्यांचं घरटं होतं, त्यात दोन अंडी. तिथे त्यांचा खडू थांबला. मग त्यांनी शेजारच्या फरशीवर लिहिलं, "नंतर".

मी सगळं लिहून घेत होते. "आपल्या रिपोर्टसारखं टाइप करा मॅडम," त्या म्हणाल्या. "चावी घेताना त्यांच्या हातात ठेवू. म्हणावं, येवढं करून द्या."

खिडकीत उभ्या राहून त्या बराच वेळ खाली बघत राहिल्या. मला वाटलं होतं की मी सांगावं, घेऊ नका ताई. आणि असंही वाटलं होतं की सांगावं, घ्या, हा वास महिन्यात जाईल. दोन्ही खरं होतं. मी यादीत पुढचा आकडा टाकला. ढकलायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला बोलायचं धाडस नव्हतं.

पंधराव्या दिवशी सकाळी मी चहा पीत ती यादी टाइप करत होते. वर संदर्भ टाकायला पत्राचा फोटो उघडला होता. बाबा मागून वाकले. त्यांनी चष्मा सरळ केला, दोनदा वाचलं.

"फॉर्म भरला का त्यांनी?"

"तो नंतर भरायचाय."

"नंतर कसला? स्वीकृतिपत्र आहे ते. आजच्या आज नाही दिलं तर त्यांना घर नको असं धरतील आणि ते यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. हे बघ ना, गृहीत धरून."

"गृहीत म्हणजे?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही त्यांना माझी शाळा निवडल्याचा दिवस आठवला असावा. "समजून चालणे," ते म्हणाले.

बसमध्ये मी वाक्य जुळवत होते. ताई, माझी चूक झाली. ताई, मला नीट कळलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये पोहोचले, त्या हातात गेज घेऊन उभ्या होत्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, त्यांनी नियम बदललाय. आजच फॉर्म द्यायचाय."

त्यांनी गेज खोक्यात ठेवलं. ॲप्रन काढला.

रिक्षात त्यांनी त्या कार्यालयाच्या सात पिढ्या काढल्या. मी रस्त्याकडे बघत होते. कार्यालयात खिडकीपलीकडे एक शांत बाई बसल्या होत्या. ताईंनी पत्र त्यांच्यापुढे आपटलं. "असा कसा नियम बदलता ओ ऐनवेळी?"

"नियम बदललेला नाही, ताई. पहिल्यापासून हाच आहे."

"तुमी असंच म्हणणार. ह्या मॅडमनी वाचलंय समदं. इंग्लिश मिडियमच्या हायत."

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, असं मला वाटलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"घरात कोणी वयस्कर आहे का?" त्यांनी फॉर्म भरून घेताना विचारलं.

"सासू. चालता येत न्हाई."

"मग तसं लेखी का नाही कळवलंत? तळमजल्याची घरं त्यांच्यासाठीच ठेवली होती. पत्रात लिहिलंय, काही म्हणणे असल्यास. मागच्या आठवड्यात दिली ती सगळी." त्या खरंच हळहळल्या. "आता सातवा आहे तो घ्यायचा की सोडायचा, एवढंच."

ताईंचा हात फॉर्मवर होता. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला, मागे ओढला, पुन्हा पुढे सरकवला. त्यांनी सासूला फोन लावला.

"आत्या, सातवाच हाय. लिफ्टचं खरं न्हाई. घेऊ का?"

फोनमधून आवाज मलाही ऐकू आला. "मला काय इचारतीस? मी काय चालत येणार हाय व्हय? उचलून न्या."

ताईंनी सही केली.

आत्यांना आमच्याच वर्कशॉपच्या चार जणांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. प्रत्येक मजल्यावर त्या "दमलात का रे?" म्हणून विचारत होत्या, आणि "थांबा जरा, बघू द्या कोण राहायलंय इथं" म्हणत होत्या. त्यानंतर त्या खाली आल्या नाहीत. पिवळी वर्तुळं एकेक करून पुसली गेली, नळ आले, काचा लागल्या. वास गेला. लिफ्ट मधूनमधून चालते, पण तिच्यात बसायला आत्या तयार नाहीत. ताई सांगायच्या, "खिडकीत बसून असतात. म्हणतात, माणसं दिसायलेत, पर ओळखू येईनात."

नव्या घरापासून भोसरीला यायला दोन बस. तीन महिने त्यांनी ते केलं, मग घराजवळच्या एका कंपनीत नोकरी धरली. आता त्यांच्या जागी एक हुशार मुलगी आहे. ती गेज दाबत नाही. तिला ते कोणी शिकवलं, हे मला माहीत आहे.

ताईंच्या शेवटच्या दिवशी सामोसे आणले होते. लोक एकेक करून मशीनकडे परतले, मशीन सुरू झाल्या. मी कागदी बशा गोळा करत होते. ताई माझ्याजवळ आल्या, डोक्यावरून हात फिरवला.

"तुमचे लई उपकार झाले मॅडम. त्या दिवशी धावत आला नसता तर घर गेलंच होतं. त्या लोकांनी नियम बदलला, त्याला तुमी तरी काय करणार? न्हाईतर आत्यासाठी खालचं मागितलं असतं मी."

मी म्हणाले ते मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. "आँ?"

मी पुन्हा म्हणाले. पुन्हा ऐकू गेलं नाही. त्या हसल्या, "जाऊ द्या," म्हणून वळल्याही. तेव्हा मी बशा खाली ठेवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा चार लोक वळून बघतील एवढ्या मोठ्याने बोलले.

"नियम बदलला नव्हता, ताई! मला ते पत्र नीट वाचता आलं नव्हतं. आणि मी खोटं बोलले."