भावार्थाला एस.टी. लागत नाही

शास्त्रातला शब्द न् शब्द जसाच्या तसा पाळणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांची हयात दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेली आणि धर्माविषयीची त्यांची सगळी मतं तिथंच तयार झाली. "डॉक्टरानं दिवसातून तीनदा लिहिलं, तर तीनदा," ते म्हणत. "चिठ्ठीचा अर्थ लावीत बसलं तर पेशंट जातो." मी शाळेत गणित शिकवतो, मंडळीचा चिटणीस आहे, आणि आकडा इकडचा तिकडे मलाही खपत नाही. पण शास्त्र म्हणजे पाढे नव्हेत, त्यात रूपक असतं, असं माझं ठाम मत. या विषयावर मामांशी माझे जेवढे वाद झाले, त्यांतला एकही मी हरलो नाही. त्याचीच लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

उजवा हात दान करतो ते डाव्याला कळू नये, असं शास्त्र सांगतं. मामा दान देताना डावा हात कोटाच्या खिशात घालून वरून बटण लावत. त्यामुळे मामा कधी दान देतात हे डाव्या हाताला सोडून साऱ्या मंडळीला कळे. डोळा पाप करायला लावील तर तो उपटून टाकावा, यावर कुणी त्यांना छेडलं, तर शांतपणे म्हणत, "अजून तसं काही केलं न्हाई त्यानं. केलं की बघू." आणि कुणी एक मैल सोबत मागितली तर दोन मैल जावं, हे तर त्यांचं आवडतं. एकदा बियाणं विकणाऱ्या एका परक्या माणसानं त्यांना स्टँडची वाट विचारली. स्टँड मैलभरावर. मामांनी त्याला बोलत बोलत स्टँडच्या पुढं आणखी मैलभर नेलं. त्याची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली. तो शिव्या द्यायला लागला, तर मामांनी त्याला घरी आणून जेवू घातलं.

पण खरा गाजला तो कोंबडीचा प्रकार. दिवाळीनंतर आमच्याकडे सुगीची उपासना असते. जो तो शेतातलं, परसातलं काहीबाही आणून वेदीपुढं ठेवतो आणि नंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी मामा कोंबडी घेऊन रांगेत उभे होते. वेदीजवळ पोचले आणि थबकले. वेदीपाशी दान आणल्यावर आठवलं की कुणा भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेवून आधी समेट करून यावं, असं शास्त्रात आहे. मामांना नेमका तेव्हा पाथर्डीकडचा एक चुलतभाऊ आठवला. त्यांनी कोंबडी वेदीच्या कठड्याला बांधली आणि ते चालते झाले. प्रवचनभर कोंबडी कुरकुरत राहिली. मामा तिसऱ्या दिवशी चुलतभावाला घेऊनच परतले. तोवर कोंबडीनं एक अंडं दिलं होतं. ते दानात धरायचं की नाही, यावर पंचांची सभा दीड तास चालली.

त्याच सभेत मी ठराव मांडला की हे वचन आध्यात्मिक अर्थानं घ्यावं, समेट अंतःकरणात करावा, आणि जिवंत प्राणी चर्चमध्ये बांधू नयेत. ठराव मंजूर झाला. पाळकसाहेबांनी माझी पाठ थोपटली. बाहेर पायरीवर मामा म्हणाले, "जावईबापू, तुमचा भावार्थ लई सोयीचा हाय. त्याला एस.टी. लागत न्हाई."

ते एस.टी. का म्हणाले, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ संगमनेरपलीकडे, अकोल्याच्या डोंगराकडे राहतो. आमची आई कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे असे. एकदा माझ्या डोक्यात आलं की तिचा भार माझ्यावर जास्त पडतो. मी भावाला कार्ड टाकलं: आई माझ्याकडे चौदा महिने, तुझ्याकडे नऊ, फरक पाच. आकडे बरोबर होते. कार्ड पोचलं तेव्हा भाऊ शेतात होता. पोस्टमननं ते आईलाच वाचून दाखवलं. वर्षाच्या आत ती गेली. मातीच्या वेळी भाऊ माझ्याशी बोलला नाही, आणि पुढे नऊ वर्षं मीही गेलो नाही.

पुढची सुगी दुष्काळाची. वेदीपुढं ठेवायला कुणाकडे काही नव्हतं. मी मोरीच्या पाण्यावर परसात एक भोपळा जगवला होता, तो घेऊन ऐटीत उभा होतो. मागं मामा, हातात बाजरीची लहानशी पिशवी. ते हळूच म्हणाले, "जावईबापू, अकोल्याचं आठवलं का?"

"मी मनातून समेट केलाय, मामा."

"हां. मग भावाला कळवलं का तसं?"

पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. "शास्त्राचा अर्थ तुमच्या कोंबडीला विचारा, मामा!" मी मोठ्यानं म्हणालो. सगळं चर्च हसलं. मामांनी पिशवी वेदीपुढं ठेवली आणि ते बाहेर गेले.

संध्याकाळी ते माझ्या दारात. मला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, "तुमच्या मनात माझ्याविषयी काही हाय. माझं दान तिथं ठिवून आलोय. मी चुकलो आसंल तर माफ करा." चारचौघांत अपमान मी केला होता आणि माफी ते मागत होते. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, "माझ्या मनात काही नाही." "माझ्याकडं बघून म्हना की," ते म्हणाले. मी पान उलटलं. बायको चहा घेऊन आली तोवर ते गेले होते.

समेट झाला नाही, म्हणून दान अर्पण झालं नाही. दुष्काळात, शेजारी लोक खडी फोडायला जात होते तेव्हा, ती बाजरी वेदीपुढं पडून राहिली. पाळकसाहेब हात लावीनात. दर रविवारी मी पुढं उभा राहून सूचना वाचायचो आणि पिशवी माझ्या पायाशी असायची. नाताळही तसाच गेला. सातव्या रविवारी पिशवीवर किडे चढलेले दिसले. मी उपासना संपताच मामांचं घर गाठलं आणि त्यांच्याकडे बघून म्हणालो, "चूक माझी होती."

"बरं," मामा म्हणाले. तसेच उठले, चर्च उघडायला लावलं, बाजरी निवडून अर्पण केली आणि बाहेर येऊन म्हणाले, "आता तुमचा भोपळा."

"तो तेव्हाच लिलावात गेला, मामा. लोकांनी खाल्ला."

"म्हंजे अर्पन व्हायच्या आदीच खाल्ला म्हना!"

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला निघालो. एकट्याचे पाय उचलेनात, म्हणून मामांना शेवगावच्या स्टँडपर्यंत सोबत मागितली. हे मागताना माझ्या लक्षात यायला हवं होतं. गाडी आली तसे मामा माझ्या आधी चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. नगर, संगमनेर, अकोले, तिथून जीप, असे ते माझ्याबरोबर आले.

भाऊ ओट्यावर भात पाखडत होता. केस सगळे पांढरे. मी पाठ केलेलं वाक्य विसरलो. त्यानं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती दिस ऱ्हानार?"

पाहुण्याला कुणीही विचारतं तसं त्यानं साधंच विचारलं असेल. पण माझ्या तोंडातून आकडा निघेना. मी तिथंच ओट्याच्या कडेला बसलो आणि रडलो. भाऊ मामांना म्हणाला, "ह्याला आत घ्या. तुमी बी पाय धुवा."

चार दिवस राहिलो. मोजले. सवय जात नाही.

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. शास्त्र शब्दशः घ्यावं, हे मला अजून पटलेलं नाही, आणि माझ्या हातचा तो ठराव मंडळीच्या दप्तरात तसाच आहे. फक्त सुगीच्या रांगेत वेदीजवळ पोचलो की मी जरा थांबतो, कोण कोण आठवतं ते बघतो. मागची माणसं चुळबुळतात. "चला की, मास्तर," म्हणतात. पण मागून अकोल्याचं विचारणारं आता कुणी नाही.